बाबा गाडीशी बोलायचे

आमची नवी गाडी मी सीटची उंची बघून घेतली. पॅरालिसिसचा अटॅक येऊन गेल्यावर बाबांची उजवी बाजू लुळी पडली होती. जुन्या छोट्या गाडीत बसायचं म्हणजे त्यांना खड्ड्यात उतरल्यासारखं व्हायचं. बसताना ते धप्पकन आत पडायचे आणि उतरताना मी आणि आई दोघी मिळून त्यांना ओढून काढायचो. रिक्षात तर पायच उचलला जायचा नाही. त्यामुळे शोरूममधला सेल्समन मोठ्या उत्साहाने स्क्रीन, कॅमेरे, सनरूफ दाखवत होता, तेव्हा मी एकेका गाडीचं दार उघडून सीट कमरेला कुठे लागते तेवढंच बघत होते. या गाडीची बरोबर लागली. पाठमोरं टेकायचं आणि पाय आत वळवून घ्यायचे. बाकीच्या सगळ्या गोष्टी, आई म्हणाली तसं, वरकड म्हणून घरी आल्या.

म्हसरूळच्या फ्लॅटमध्ये आम्ही तिघंच राहतो. पहिले काही दिवस आईला त्या गाडीची भीतीच वाटायची. गाडी मागे घेताना स्क्रीनवर वरून काढल्यासारखं चित्र यायचं, ते पाहून तिने चक्क खिडकीतून डोकं बाहेर काढून आकाशाकडे पाहिलं होतं. पुढच्या सीटमधून गार हवा यायची. बाबांना मी पहिल्यांदा ती लावून दिली तेव्हा त्यांनी दचकून डाव्या हाताने सीट चाचपली. आई मागून म्हणाली, "अगं, ओलं झालंय का काही? थांबव गाडी." ओलं नाही, हवा आहे, हे समजावल्यावर बाबा कितीतरी दिवसांनी हसले. तोंड अर्धंच हलत होतं, पण हसले.

बोलत मात्र नव्हते. बाबा बाजार समितीत लिलाव पुकारायचे. टोमॅटोच्या क्रेटच्या रांगांमधून ते पुढे आणि व्यापाऱ्यांचा घोळका मागे. त्या गलक्यात त्यांचा आवाज पार फाटकापर्यंत ऐकू यायचा. शाळेत असताना मी डबा द्यायला जायची, तर त्या आवाजाच्या दिशेने चालत गेलं की बाबा सापडायचे. आता जीभ जड झाली होती. डोक्यात शब्द होते, ते डॉक्टरांनीही सांगितलं होतं, पण तोंडातून येईपर्यंत त्यांचा लगदा व्हायचा. गंगापूर रोडला एका बाईंकडे आम्ही स्पीच थेरपीला जायचो. बाई चांगल्या होत्या. त्या आंब्याचं, तांब्याचं चित्र समोर धरायच्या आणि बाबा भिंतीकडे तोंड फिरवायचे. घरी आई त्यांना बोलायची वेळच येऊ देत नसे. त्यांनी "पा" म्हटलं की पाणी हजर. आलेगेले लोक मान डोलवत "हो हो, बरोबर" म्हणायचे आणि काहीच कळलेलं नसायचं. बाबांना ते समजत होतं. हळूहळू त्यांनी "पा" म्हणणंही सोडलं आणि पेल्याकडे बोट दाखवायला लागले.

गाडीत बोलून काम सांगायची सोय होती. स्टीअरिंगवरचं बटण दाबायचं आणि हिंदीत किंवा इंग्रजीत सांगायचं. मग गाडी खिडकी उघडायची, गाणी लावायची, एसी कमीजास्त करायची. मी कधीमधी गंमत म्हणून वापरायची. एकदा थेरपीहून परतताना सिग्नलला थांबलो होतो. मी बटण दाबून काही बोलणार, एवढ्यात शेजारून बाबा बोलले. काय ते मला कळलं नाही. गाडीलाही नाही.

"माफ कीजिए, मैं समझ नहीं पाई," गाडीतली बाई म्हणाली.

बाबा स्क्रीनकडे बघत राहिले. मग पुन्हा तेच बोलले. पुन्हा तेच उत्तर.

"बाबा, काय हवंय? मी सांगते तिला," मी म्हटलं.

त्यांनी डावा हात उचलून मला गप्प केलं. लिलावात कुणी मध्येच बोललं की असाच हात वर जायचा त्यांचा. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या होत्या. मी गिअर टाकला, पण घरी पोचेपर्यंत ते सांगतील तेव्हा बटण दाबत राहिले. त्या बाईला एकदाही कळलं नाही आणि तिने एकदाही कळल्याचं नाटक केलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आले तर बाबा चप्पल घालून दाराशी बसलेले. काठीने लिफ्टकडे खूण केली. खाली पार्किंगमध्ये मी त्यांना गाडीत बसवलं, गाडी चालू केली आणि बटण दाबलं. मग ते रोजचंच झालं. संध्याकाळी आम्ही दोघं उभ्या गाडीत बसायचो. मी माझी मेथी निवडायची, मध्येमध्ये बटण दाबायची आणि बाबा गाडीशी बोलायचे. एकच वाक्य. दोन-चार दिवसांनी मला त्याचा अंदाज यायला लागला. "एशी तम तलो." एसी कम करो. 'क'साठी जीभ मागे जात नव्हती, 'र' तर कुठेच नव्हता. घाम फुटायचा त्यांना. मी म्हटलं, "बाबा, दुसरं काहीतरी सोपं बोला. गाना बजाओ म्हणा." त्यांनी मान हलवली. तेच वाक्य.

आईला हे फार लागलं. बिल्डिंगमधल्या बायका जिन्यात विचारायच्या, काका गाडीत काय करतात? वर येऊन ती भांडी आपटायची. "मी बोलते तर भिंतीकडे तोंड. आणि त्या मेल्या गाडीशी गप्पा," ती एकदा म्हणाली. बाबा जेवत होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, काही बोलायला तोंड उघडलं. आईने लगेच आमटीची वाटी पुढे सरकवली.

ऑक्टोबरात कळवणच्या आत्याने बोलावलं. बाबांची ही थोरली बहीण. आजारपणात ती येऊन गेली होती, पण बाबा तिच्याशीही एक शब्द बोलले नव्हते. सकाळी निघालो तरी दिंडोरीपर्यंत ऊन चांगलंच तापलं. दोन्ही बाजूंना द्राक्षबागांची छाटणी चालली होती, औषध फवारल्याचा वास बंद काचांतूनही येत होता. मी एसी वाढवला. बाबांना उन्हात जपा, असं डॉक्टरांनी बजावलंच होतं.

वणी मागे पडल्यावर बाबांनी बोटाने स्टीअरिंगवरचं बटण दाखवलं. मी दाबलं.

त्यांनी ओठ जुळवले. मग एकेक अक्षर वेगळं काढून ठेवल्यासारखं म्हणाले, "ए-सी. कम. क-लो."

'र' नव्हताच. पण स्क्रीनवरचा आकडा खाली आला आणि हवेचा आवाज एकदम बसला. "एसी कम कर दिया गया है," ती बाई म्हणाली.

मी "बाबा!" म्हणून ओरडलेच. आई मागून घाबरून म्हणाली, "काय झालं? अगं, वाढव परत. त्यांना उकडेल."

बाबांनी आरशाकडे बोट दाखवलं. मी आरशात पाहिलं. आई मागच्या सीटवर कोपऱ्यात अंग चोरून बसली होती. पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढलेला, हात काखेत. पुढच्या दोन सीटांमधल्या एसीच्या झडपेतून गार हवा सरळ तिच्या अंगावर येत होती.

"आई, तुला थंडी वाजतेय? ती झडप बंद करायची ना. चाक फिरवलं की होते बंद."

"केली असती," आई म्हणाली, "पण इथली बंद केली की पुढची पण बंद पडेल ना. त्यांना गार हवा लागते."

गाडी घेतल्यापासून प्रत्येक फेरीत ती अशीच कुडकुडत बसत होती. मला रस्ता बघायचा असायचा. बाबांच्या तोंडून शब्द निघत नव्हता, स्क्रीन त्यांच्या लुळ्या हाताच्या बाजूला होती आणि ते आरशात तिला बघत बसायचे. मी गाडी एका कडुलिंबाखाली बाजूला घेतली. आईने पुढे वाकून मागूनच बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. "माझ्यासाठी होय?" तिने विचारलं. आणि पहिल्यांदाच ती उत्तराची वाट बघत थांबली.

एक ट्रॅक्टर आम्हाला ओलांडून गेला.

"हो," बाबा म्हणाले. आणि मग, आणखी जोर लावून, "वे-डी."

आई हसायला लागली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मी मागची झडप बंद करून तिला दाखवलं, की बघ, पुढची चालूच आहे. तिने पुढे हात नेऊन खात्री करून घेतली.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. बाबांचा तो आवाज परत आला नाही, येणारही नाही. पण थेरपीच्या बाईंसमोर ते आता आंबा म्हणतात, कंटाळून का होईना. बदल जास्त झाला तो आईत, आणि तो त्याच दिवशी दिसला.

आत्या ओट्यावरच वाट बघत होती. बाबांना धरून आत नेलं, खुर्चीत बसवलं. आत्या त्यांच्यासमोर खाली बसली, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून तिच्या अहिराणीत म्हणाली, "कसा शे भाऊ? च्या पिशी का?"

आईने सवयीने तोंड उघडलं. "हो, घेतील, पण बिनसाखरे..." एवढं म्हणून ती थांबली. ओठ मिटून तिने बाबांकडे पाहिलं. आत्याला काही कळेना. मी तिला खुणेनेच थांबायला सांगितलं. आम्ही तिघी त्यांच्या तोंडाकडे बघत बसलो.

"घे-तो," बाबा म्हणाले. श्वास घेतला. मग आईकडे न बघता आत्याला म्हणाले, "सा-खल टाक."