पितळेची मूठ

तो ‘टिक्’ संध्याकाळपासून माझ्या कानात बसलाय. उद्या सकाळी आठ वाजता माझी लेक तो वस्तरा सलूनवाल्या काकांच्या हातात ठेवणार आहे.

लेक वस्तऱ्यांच्या मुठी बनवते. जुन्या, उघडमिटीच्या वस्तऱ्यांच्या. मूठ म्हणजे दोन लांबट पट्ट्या. वस्तरा मिटला की पातं त्यांच्यामध्ये जाऊन बसतं. लोक शिंगाच्या करतात, लाकडाच्या करतात. ही धातूच्या करते, ज्याच्या त्याच्या हाताच्या मापाने. कारखान्यात नऊ वर्षं काढली आणि मग आमच्या जिन्याखालच्या खोलीत अकरा कानशी घेऊन बसली.

“अगं, हल्ली वस्तऱ्याने दाढी करतं कोण?” मी म्हटलं होतं.

“जे करतात, त्यांनी मूठ मोडल्यावर जायचं कुठे?”

मी जिन्याखालची अडगळ काढायला घेतली.

काकांची बोटं हल्ली बधिर होतात. शिंगाची हलकी मूठ हातात आहे की नाही, तेच त्यांना कळेना. दुकानातले सगळे म्हणाले, आणखी हलकी करून घ्या. लेक एक अख्खा दिवस त्यांच्या बाकावर बसून नुसता त्यांचा हात बघत राहिली आणि म्हणाली, “हलकी नको, जड हवी. पितळेची. हाताला कळायला हवं, काहीतरी धरलंय म्हणून.”

“कर तुझ्या मनासारखी,” काका म्हणाले. “पण हीसुद्धा हातात बसली नाही, तर मी वस्तरा खाली ठेवणार. लोकांच्या गळ्याशी खेळ नको.”

पहिली जोडी फसली. चाळीस वर्षं एकाच हाताने धार लावून लावून ते पातं किंचित एका अंगाला झुकलंय. मिटताना धार पितळेला लागली आणि धारेचा केसाएवढा टवका उडाला. तो घालवायला काकांना दोन दिवस दगडावर घासत बसावं लागलं.

“शिंग सांभाळून घेतं गं पोरी,” ते एवढंच म्हणाले. “पितळ नाही घेत.”

मी असते तर रडले असते. हिने नव्या पट्ट्या कापल्या. पातं सरळ करायला गेलं तर मोडणार, म्हणून तिने पट्ट्यांच्या टोकाशी, दोन्हींच्या मध्ये बसणारी पाचर एका बाजूने पातळ घासली. सहा पाचरी फेकल्या, सातवी बसली. आज तिने वस्तरा मिटून खिडकीसमोर धरला.

“आई, पात्याच्या दोन्ही बाजूंनी उजेड दिसतोय?”

“दिसतोय.”

“सारखा?”

“डावीकडे जरा कमी...”

“आधी चष्मा पूस.”

पुसला. अगदी सारखा होता.

ती हात धुवायला गेली आणि मला राहवलं नाही. मी वस्तरा उघडला आणि मिटला. भाजीच्या सुरीसारखा, अंगठा बाजूने रेटून. टिक्. झटकन जागेवर ठेवून दिला. ती आली, वस्तरा फडक्यात गुंडाळला आणि तिच्या घरी निघाली. मी विचारलं काय, तर चहा घेणार का.

“अगं, धारेचा नसेल, पात्याच्या बुडाचा आवाज असेल,” हे म्हणाले. “झोप आता.” असेलही. पण यांना स्वतःचं घोरणंसुद्धा ऐकू येत नाही.

लेकीच्या कामाची मला काळजी नाही. ते चोख आहे, दोन्ही बाजूंचा उजेड मी या डोळ्यांनी पाहिलाय. चूक असलीच तर माझ्या अंगठ्याची. पण केसाएवढा टवका नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, तो सकाळी पहिल्या गिऱ्हाइकाच्या गालाला कळेल. आणि या वेळी काका पितळेला दोष देणार नाहीत. ते आपल्या बोटांना देतील आणि वस्तरा खाली ठेवतील.

तिच्या घरी भिंग आहे, धारेचा दगड आहे, आठ वाजेपर्यंत वेळ आहे. फक्त तिला ठाऊक नाही. ती आधी माझी खरडपट्टी काढेल, मग भिंग काढेल. साडेअकरा झालेत. झोपली असली तर उठेल. लावतेच फोन.