फौजी पडत नसतो

उंब्रजच्या आमच्या डॉक्टरांपुढं म्हाताऱ्या माणसाच्या वतीनं कुणी बोललं, की ते खेकसतात, "गुडघा तुमचा हाय का त्यांचा?" म्हाताऱ्यांशी मात्र खुर्ची पुढं ओढून, सावकाश बोलतात.

आमचे आप्पा रिटायर फौजी. आणि फौजी पडत नसतो. मी "पडलात का?" विचारलं, की अंगावर येतात. डॉक्टरांनी त्यांचा काळानिळा दंड चाचपला आणि हळूच विचारलं, "आवं आप्पा, मोरीत कवा घसरून बसलात का?"

"व्हय," आप्पा म्हणाले. "लय येळा बसलो."

मला हे तिथंच कळलं.

परवा मी मोरीत धरायला दांडी ठोकत होतो. आप्पा दारात येऊन उभे राहिले. "कशाला रं ही?"

"टॉवेल टाकायला," मी म्हणालो.