सोळा नंबर शेवटी

वेरूळला आलेला पाहुणा तिकीट काढून आत शिरला की कैलास लेणं त्याच्या पुढ्यातच असतं. नंबर सोळा. तो आपोआप तिकडे चालायला लागतो. मी त्याला अडवायचो. तीस वर्षं गाईड म्हणून मी हेच केलं. "आत्ता नाही," म्हणायचं, त्याला उजवीकडे वळवून आधी बौद्ध लेणी दाखवायची, मग गाडीत घालून पार टोकाची जैन लेणी, आणि ऊन कललं की शेवटी सोळा नंबर. आधी कैलास दाखवला तर बाकीच्या लेण्यांकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. शिवाय सगळी लेणी पश्चिमेला तोंड करून आहेत, खरा उजेड दुपारनंतर आत शिरतो. पाहुणे तिथे तोंडात बोट घालून उभे राहिले की मी दोन पावलं मागे सरकायचो आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घ्यायचो. बाकीचे गाईड सरळ सोळात घुसायचे आणि जेवायच्या वेळेला मोकळे व्हायचे. मी त्यांना आळशी म्हणायचो.

एकदा एक जर्मन बाई बारा नंबरच्या तीन मजल्यांचे जिने चढून-उतरून इतक्या थकल्या की बाकावर बसल्या त्या उठेचनात. त्यांना गाडीत नेऊन बसवावं लागलं. त्यांच्या गटानं कैलास बघितला, त्यांनी नाही. निरोप घेताना त्या म्हणाल्या, "तुम्ही मला आधी विचारायला हवं होतं." मी त्यांच्या भाषेत गोड बोलून माफी मागितली आणि घरी येऊन ही गोष्ट बायकोला हसत हसत सांगितली. ती काही हसली नव्हती.

बायको बिडकीनकडची. सरकारी शाळेत चित्रकला शिकवायची. मुलांना 'निसर्गचित्र काढा' म्हटलं की सगळी एकच चित्र काढतात : तीन टोकदार डोंगर, मधून डोकावणारा सूर्य, खाली नदी, एक झोपडी आणि नारळाचं झाड. फळ्यावर तीच ते काढून दाखवायची. आणि आमच्या भागातला एक डोंगर टोकदार असेल तर शपथ! सगळे माथ्याला सपाट, सुरीनं कापल्यासारखे. लग्नानंतर फिरायला म्हणून आम्ही जवळच्याच म्हैसमाळच्या डोंगरावर गेलो, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. वर पोचल्यावर ती इकडेतिकडे बघून म्हणाली, "हा बी सपाटच व्हय?"

मी तिथेच तिला शब्द दिला, की एक दिवस तुला टोकदार डोंगर दाखवीन, बर्फाचा. नुसता हिमालयातला नाही, परदेशातला. तेव्हा मी नुकता जर्मन शिकत होतो आणि छाती जरा फुगलेली होती.

पुढे माझे एक पाहुणे, आल्प्समधल्या एका खेड्यातलं म्हातारं जोडपं, दर नव्या वर्षाला आम्हाला भिंतीवरचं कॅलेंडर पाठवू लागलं. त्यात ऑगस्टच्या पानावर दरवर्षी एकच डोंगर असायचा, त्यांच्या घराच्या खिडकीतून दिसणारा. अगदी फळ्यावरच्यासारखा त्रिकोण. बायको कॅलेंडर आलं की थेट ऑगस्ट उघडायची आणि ते पान डिसेंबरपर्यंत हलायचं नाही. आमच्या स्वयंपाकघरात वर्षभर ऑगस्टच असायचा. दूधवाल्याच्या खुणा, गॅसची तारीख, सगळं ऑगस्टवर.

आणि मी काय करत होतो? मी सोळा नंबर शेवटी ठेवत होतो. ऑक्टोबर ते मार्च माझा सीझन. उन्हाळ्यात तिच्या माहेरची लग्नं. मग मुलीचं शिक्षण, मग छावणीजवळचं हे घर, मग मुलीचं लग्न. प्रत्येक वेळी मी म्हणायचो, सगळं उरकू दे, मग निवांत जाऊ, डोक्यात काही नसताना बघायची गोष्ट आहे ती. ती "बरं" म्हणायची. हे "बरं" ऐकायची मला इतकी सवय झाली होती की त्यात काय भरलंय हे मी कधी बघितलंच नाही.

गेल्या वर्षी ती निवृत्त झाली. मीही काम कमी केलं. औरंगपुऱ्याच्या बाजारातून एक जाड वही आणली आणि जेवणाच्या टेबलावर युरोपचा नकाशा पसरला. सोळा दिवस. प्राग, व्हिएन्ना, साल्झबर्ग, आणि शेवटचे चार दिवस त्या म्हाताऱ्या जोडप्याचं खेडं. कुठल्या चर्चमध्ये कुठल्या वेळी उजेड येतो इथपर्यंत मी लिहून काढलं. मुलगी पुण्याहून फोनवर बुकिंग करत होती आणि वैतागत होती. मी मात्र खुशीत होतो. आयुष्यभर दुसऱ्यांना फिरवलं, आता आपली पाळी.

बायको समोर बसून मटार सोलत होती. म्हणाली, "डोंगर कितव्या दिवशी?"

"तेराव्या."

"आधी घ्या की."

"आधी डोंगर बघितल्यावर तुला प्रागचा पूल काय दिसणार आहे?"

"नाय दिसला तर नाय दिसला. मला कुठं पूल बघायचाय?"

मला राग आला. मी तिला सरळ म्हणालो, लोकांना कसं दाखवायचं हे मी तीस वर्षं केलंय, तू मला शिकवू नकोस. मटाराचे चार-पाच दाणे वाटीच्या बाहेर पडले होते. "लक्ष कुठंय तुझं?" मी तेही ऐकवलं.

त्या महिन्यांत ती धडपडायची. कपाटाच्या उघड्या दाराला कपाळ आपटून घ्यायची. औरंगपुऱ्याच्या गर्दीत उभ्या असलेल्या स्कूटरला धडकली आणि स्कूटरवाल्याची माफी मी मागितली. "वेंधळी झालीस तू," मी म्हणालो. तिनं दोनदा चष्मा बदलून आणला. एकदा म्हणालीसुद्धा, "बाजूचं दिसंना गेलंय मला." मी वहीत रेल्वेच्या वेळा लिहीत होतो. "वय झालं आता, मलाही कुठं दिसतं?" असं काहीतरी बोललो असेन.

व्हिसासाठी मुंबईला बोटांचे ठसे द्यायला गेलो. खिडकीतल्या मुलीनं तिला काचेवर चार बोटं ठेवायला सांगितलं. काच तिच्या उजव्या हाताला, वीतभर अंतरावर. ती काउंटरवर हात फिरवत राहिली. मागच्या रांगेतले लोक बघायला लागले. मी दात-ओठ खाऊन पुटपुटलो, "अगं, समोर तर आहे." मग तिचा हात धरून काचेवर ठेवला. तेव्हा बघितलं, तिचा चेहरा घाबरलेला होता. परतीच्या प्रवासात ती एवढंच म्हणाली, "डाव्या डोळ्यानं तर आता कायच दिसत नाय."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिला एका यंत्रासमोर बसवलं. कुठेही ठिपका चमकला की बटण दाबायचं. मी बाहेरून बघत होतो. ठिपके चमकत होते आणि तिचा अंगठा हलत नव्हता. जो कागद बाहेर आला तो जवळजवळ काळाच होता. मध्ये उजव्या डोळ्याचा एक छोटा पांढरा तुकडा. काचबिंदू. डॉक्टर बाईंनी नीट समजावलं. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली राखायची. थेंबांनी डोळ्यातला दाब उतरला नाही तर ऑपरेशन. "इतके दिवस कळलं नाही का, काका?" त्यांनी विचारलं. त्यांनी साध्या सुरात विचारलं होतं, पण मला मान वर करता येईना.

थेंबांनी दाब पुरेसा उतरला नाही. निघायला तेवीस दिवस उरले होते. डॉक्टर म्हणाल्या, लांबवलं तर हा तुकडाही हळूहळू जाईल. ऑपरेशन केलं तर तो टिकायची शक्यता चांगली आहे, पण इतक्या कमजोर डोळ्यात क्वचित ऑपरेशननंतर उरलेली नजरही जाते. थेंब दुप्पट करून जाऊन आलात तर मी अडवणार नाही, पण धोका दोन्हीकडे आहे. "दोघांनी मिळून ठरवा," त्या म्हणाल्या.

दोघांनी मिळून! आमच्या घरात असं कधी ठरलंय?

स्वयंपाकघरात आल्यावर ती कॅलेंडरसमोर उभी राहिली, अगदी जवळ, नाक टेकेल इतकं. त्या पांढऱ्या तुकड्यातून ऑगस्ट बघत होती. म्हणाली, "आधी डोंगर बघून येऊ. मग ऑपरेशन. मग जे व्हायचं ते होऊ द्या."

मी म्हणालो, "वेडी का तू? आधी डोळा. डोळा नीट करू, सप्टेंबरात जाऊ. नीट डोळ्यांनी बघ. असं धुरकट बघून काय मिळणार? चांगली गोष्ट घाईत उरकायची नसते."

"धुरकट नाय. थोडं दिसतं, पण लख्ख दिसतं. एक डोंगर मावंल तेवढं दिसतं."

हे तिचं वाक्य मला रोज ऐकू येतं. त्या दिवशी मी ते ऐकलं आणि तरी माझंच घोडं पुढे दामटलं. मुलीला फोन करून तारखा पुढे ढकलायला लावल्या. बायकोला म्हणालो, माझ्यावर विश्वास ठेव. ती म्हणाली, "बरं."

ऑपरेशन व्यवस्थित झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली, डॉक्टरांनी दाब मोजला, दाब छान उतरला होता. मी तिच्या समोर उभा होतो, चेहऱ्यावर हसू आणून. डॉक्टरांनी बोटं धरली. किती? बोटं जवळ आणली. मग टॉर्च लावला. "उजेड कळतोय," ती म्हणाली. डॉक्टर म्हणाल्या, थोडे दिवस थांबू. आम्ही थांबलो. दोन आठवडे, चार आठवडे. उजेड कळतो, तेवढंच. डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं, आणि त्यांचा हात कुठे चुकला नव्हता. चूक मोजायचीच तर ती कुठून मोजायची हे मला चांगलं माहीत आहे.

तिनं एकदाही दूषण दिलं नाही. दिलं असतं तर मला बरं झालं असतं. मी भांडण काढायला बघतो, मुद्दाम तिरकं बोलतो, ती "असू द्या" म्हणते आणि भिंत धरत न्हाणीघरात जाते.

मध्ये जुन्या ओळखीचा एक गट आला म्हणून एकदा वेरूळला गेलो. गेटातून त्यांना सरळ सोळा नंबरमध्ये नेलं. ते हरखून गेले. मग बाकीची लेणी त्यांनी जांभया देत बघितली. म्हणजे माझं म्हणणं बरोबरच होतं. मी पायरीवर बसून राहिलो आणि माझ्या त्या बरोबर असण्याचा मला इतका तिटकारा आला की पाहुण्यांसमोर रडू फुटलं. त्यांना वाटलं, ऊन लागलं. त्यानंतर मी गेलेलो नाही.

व्हिसा लागून पासपोर्ट आधीच घरी आले होते. ते पाकीट मी महिनाभर फोडलं नव्हतं. परवा दुपारी तिनंच विचारलं, "ते आलं व्हतं ना? द्या इकडं." मी पान उघडून तिच्या हातात दिलं. तिनं चिकटवलेल्या कागदाच्या कडेवरून अंगठा फिरवला, चारी बाजूंनी. "लई गुळगुळीत हाय," म्हणाली आणि पासपोर्ट मिटून ठेवला. मग म्हणाली, "वही द्या तुमची. अन् पेन."

मी माझी ती जाड वही तिच्यापुढे ठेवली. तिनं कोरं पान चाचपून शोधलं. ते कोरं नव्हतं, तेराव्या दिवसाचं होतं, खेड्याला पोचणाऱ्या गाडीची वेळ वर लिहिलेली. तिनं पेन टेकवलं आणि हात सवयीनं वर गेला, एक तिरकी रेघ, सरळ, न थरथरणारी. मग पेन उचलून दुसरी रेघ वरून खाली आणली. तीस वर्षं फळ्यावर काढलेला डोंगर.

"टोक जुळलं का?"

दुसरी रेघ दोन बोटं बाजूला सुरू झाली होती. मधे नुसती मोकळी जागा होती.

"जुळलं," मी म्हणालो.

तिनं पेन खाली ठेवलं. "तीस वर्षं पोरायची चित्रं तपासली मी. तुमच्या आवाजावरून कळतं. नाय जुळलं." मग डावा हात टेबलावरून माझ्या दिशेनं पुढे केला. "बोट धरून टोकावर न्या. तिथून पुढं काढते मी."

मी तिचं बोट धरून पहिल्या रेघेच्या टोकावर ठेवलं. ती थांबली, नेहमीसारखं मी पुढे काय ते सांगीन म्हणून. मी पेन उचलून तिच्या उजव्या हातात दिलं.