दोन बिंदू आणि उभी रेघ

मिल बंद पडली आणि आम्ही हजेरी ऑफिसातले बाबू घरी बसलो. बसलो म्हणजे अक्षरशः बसलो, ओट्यावर. काही महिने "अब खुलेगी, तब खुलेगी" करण्यात गेले. मग हिनं सुचवलं, गणिताची ट्यूशन काढा. कॉलेजातली लेक म्हणाली, मी शिकवते. लेकीच्या जिवावर बाप खाणार? छे. मी बी.एस्सी. होतो, भले जुना का असेना. शेजारच्या वहिनींची मुलगी अकरावीला होती. तिला पटलं तर गल्लीतली बाकीची पोरं येणार, नाहीतर दुकान उघडायच्या आधीच बंद.

आमच्या गल्लीत पहिल्या दिवशी आई सोबत बसते, मास्तर कसा आहे ते बघायला. वहिनी बसल्या. मी ऐटीत फळ्यावर लिहिलं: दोन बिंदूंतून जाणाऱ्या रेषेचं समीकरण. फॉर्म्युला तोंडपाठ होता. आकडे सोपे असावेत म्हणून बिंदू घेतले (३, १) आणि (३, ५). वर y ची वजाबाकी, चार. खाली x ची, शून्य. चाराला शून्यानं भागायचं कसं? पण हजेरीत एकदा शून्य पडलं की त्या ओळीत पुढे सगळं शून्यच, ही हाताची जुनी सवय. दिलं ठोकून, "स्लोप शून्य. म्हणजे रेघ आडवी. y बरोबर एक."

मुलीनं बिंदू मांडून जोडले. "काका, पण ही तर उभी आलीये."

तेवढ्यात लेक पाणी घेऊन आली आणि हळूच म्हणाली, "बाबा, x दोन्हीकडे तीनच आहे ना. मग x बरोबर तीन."

"तुला कुणी विचारलं? आत जा," मी खेकसलो.

वहिनी बिचाऱ्या म्हणाल्या, "राहू द्या भाऊजी, होतं असं कधी कधी." त्यांची दया बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी मुलगी एकटीच आली. दारातूनच म्हणाली, "काका, दीदी आहे का?"

मी खुर्चीवरून उठलो, लेकीला हाक मारली आणि स्वयंपाकघरात गेलो. बाहेर लेक तिला सांगत होती, "अगं, बाबांनी काल मुद्दाम तसे बिंदू घेतले होते. तुझं लक्ष आहे का ते बघत होते."

ही पोहे निवडत होती. तिनंही ऐकलं. तिनं मान काही वर केली नाही, आणि मला तिथून कुठे जाता येईना.