लक्ष्म्यांसमोरची लाकडाची गाडी

हिंगोली स्टेशनचे मालबाबू दत्तोपंत औंढेकर यांनी लग्न वडिलांच्या पसंतीनं केलं, नोकरी मामांच्या पसंतीनं धरली आणि चष्मा दुकानदाराच्या पसंतीनं घेतला. स्वतःची म्हणावी अशी त्यांची एकच आवड होती. मालगाडी. तीही लाकडाची.

मेळघाटातला साग भरून ही गाडी अकोल्याकडून यायची आणि पुढं पूर्णा जंक्शनला जायची. हिंगोलीला इंजिन सुटून पाणी घ्यायला जायचं आणि तेवढा वेळ ओंडक्यांची ती रांग फलाटासमोर उभी असायची. दत्तोपंत टेबल सोडून बाहेर यायचे. काम काही नसायचं, कारण त्या गाडीतून हिंगोलीला काडीसुद्धा उतरत नसे. ते नुसते उभे राहायचे, ओल्या सागाचा वास घ्यायचे आणि इंजिन जोडलं गेलं की आत येऊन बसायचे.

पंचाहत्तर सालच्या सुमारास लाकडं ट्रकनं जायला लागली आणि गाडी बंद झाली. हारतुरे नाहीत, भाषण नाही. एका आठवड्यात आली नाही, पुढच्याही आली नाही. दत्तोपंत मात्र वेळेवर फलाटावर आले. सांधेवाला मुंजाजी खिल्लारे झेंडी काखेत मारून जवळ आला.

"बाबू, कोणाची वाट बघून राहिले?"

"कोणाची नाही."

"ती न्हाई येत आता."

"माहीत आहे मला."

"मग आत बसा की. हितं ऊन काहून खाता?"

दत्तोपंत आत जाऊन बसले आणि बसल्या बसल्या त्यांनी ठरवलं, की ती गाडी आपण घरी उभी करायची. जशी होती तशी. एकदा तरी.

घरी म्हणजे महालक्ष्म्यांच्या आराशीत. भाद्रपदात औंढेकरांकडे ज्येष्ठा-कनिष्ठा बसायच्या आणि अर्ध्या हिंगोलीच्या बायका हळदीकुंकवाला यायच्या. आराशीत वर्षानुवर्षं तेच मातीचे वाघ आणि तेच लाकडी राघू. विजयाबाईंनी खालची एक पायरी नवऱ्याला द्यायचं कबूल केलं.

"पण माझ्या लक्ष्म्यांसमोर धूरबीर काढायचा नाही."

"धूर इंजिन काढतं. इंजिन मी ठेवतच नाही."

"बिनइंजिनाची गाडी?"

"इंजिन पाणी प्यायला गेलंय."

विजयाबाईंनी त्यांच्याकडे जरा वेळ बघितलं आणि त्या वाती वळायला बसल्या.

आता डबे हवे होते. बिनछपराचे, सपाट, दोन्ही बाजूंना उभे खुंट असलेले. बाजारात खेळणीवाल्या राधाकृष्णाकडं पत्र्याच्या गाड्या होत्या, पण सगळ्या पॅसेंजर. प्रत्येक खिडकीत एकाच चेहऱ्याचा मिशाळ माणूस रंगवलेला.

"मालगाडी कोण घेतंय, पंत?" राधाकृष्ण म्हणाला. "लेकराला खिडकीत माणूस लागतो."

पंतांनी दोन पॅसेंजर घेतल्या, पत्रा कापायची कात्री आणली आणि एका रविवारी छपरं, भिंती नि खिडक्यांतल्या समस्त मिशाळ मंडळींना गाडीखाली उतरवलं. उरलेल्या तळावर चार काड्या ठेवल्या, तर तळ कागदासारखा दुमडला. ज्याला माणसांचं चित्र पेलतं त्याला लाकूड पेलतंच असं नाही, एवढं ज्ञान त्या रविवारी मिळालं.

पुढचा शोध कळमनुरीच्या आठवडी बाजारात. तिथं नानीबाई भंगार घेऊन बसायची. कड्या, कोयंडे, बिजागऱ्या यांच्या खाली दत्तोपंतांच्या हाताला चाक लागलं. ओढून काढलं तर अस्सल लोखंडी सपाट डबा! निजामाच्या काळातल्या कुणा तहसीलदाराच्या लेकरांचा असावा. बोटानं ढकलला तर नानीबाईच्या पोत्यावरून थेट शेजारच्या मिरच्यांत गेला.

"चाकं झकास हायत," नानीबाई म्हणाली, "पर ओढायचं कोणी? उंदरानं?"

"असे आणखी आहेत का?"

"व्हते. डोंगरकडा गावच्या रतनसिंग सावकारानं नेले."

रतनसिंगाच्या गादीवर ते दोन डबे मोठ्या मानानं नांदत होते. एकात सुपारी, एकात लवंग-विलायची. पाहुणा आला की रतनसिंग लोडाला टेकल्या टेकल्या डबा ढकलायचा आणि सुपारी गडगडत पाहुण्याच्या मांडीशी येऊन थांबायची.

"नाही पंत," तो म्हणाला, "ह्या डब्यांमुळं तर माणसं बसतात माझ्याकडं. नाहीतर माझं तोंड बघायला कोण येतंय?"

दत्तोपंत तीनदा गेले. तिन्ही वेळा सुपारी खाल्ली आणि जीभ सोलवटून परत आले. चौथ्यांदा जाताना त्यांनी कापलेल्या पॅसेंजरची दोन इंजिनं पिशवीत टाकली. लाल-हिरवी, चावीची. गादीवर एक सोडलं तर ते घरघरत रतनसिंगाच्या पोटाला जाऊन भिडलं.

"अरे, इंजिन तो असली चीज है!" रतनसिंग उठून बसला. "तुम्हाला नको?"

"मला डबेच हवेत."

रतनसिंगानं असा वेडा माणूस पाहिला नव्हता. पंतांचं मन बदलायच्या आत त्यानं सुपारी रुमालात ओतली आणि डबे रिकामे करून दिले.

उरलेले डबे कंदील करणाऱ्या खेमानं या तीन डब्यांवरून जाड पत्र्याचे करून दिले. कुणी बोटभर उंच, कुणी किंचित तिरपा. दत्तोपंतांना ते पसंत पडलं. खऱ्या मालगाडीत तरी सगळे डबे कुठं सारख्या उंचीचे असतात? लाकडं मुंजाजीनं आणली. साखरा गावी त्याच्या मेव्हण्याच्या बांधावर साग होता; तिथल्या करंगळीएवढ्या फांद्या त्यानं सालीसकट तोडून आणल्या आणि औंढेकरांच्या ओसरीवर बसून दोघांनी त्या दोरीनं आवळून बांधल्या.

त्या गाडीची एक खूण होती. ओंडके डब्यापेक्षा लांब असत आणि टोकं बाहेर डोकावत. म्हणून भरलेल्या दोन डब्यांमध्ये एक डबा रिकामा जोडत. वळणावर टोकं त्या रिकाम्या डब्यावर मोकळी फिरत. तो नसेल तर ओंडक्याला ओंडका भिडून गाडी रुळावरून उतरायची. दत्तोपंतांनी कळमनुरीचा लोखंडी डबा मुद्दाम त्या जागी घातला, सगळ्यांना नीट दिसावा म्हणून.

तो विजयाबाईंना अगदी नीट दिसला.

"ह्यात काय ठेवायचं राहिलंय?"

"काही नाही. तो रिकामाच."

"लक्ष्म्यांसमोर रिकामं काही ठेवत नाहीत."

यात विजयाबाईंचं काही चुकत नव्हतं. खुद्द लक्ष्म्यांच्या मुखवट्यांखालच्या पत्र्याच्या कोठ्यासुद्धा त्या गव्हा-तांदळानं भरून, वर करंज्या-लाडू घालूनच उभ्या करत. माहेरवाशिणीला उपाशी पोटी कोण उभं करतं?

"अगं, पण मधला डबा भरला तर वळणावर ओंडके आपटतील."

"माझ्या माजघरात वळण नाही," असं म्हणून विजयाबाईंनी त्यात एक करंजी ठेवली.

पूजेच्या दिवशी बायका आल्या. गाडीत करंजी पाहून पहिलीला वाटलं, इकडची रीत असेल. तिनं खारीक ठेवली. दुसरीनं तिचं बघून सुपारी ठेवली, तिसरीनं लाडू. दिवेलागणीपर्यंत डबा शिगोशीग भरला आणि ओंडक्यांची टोकं लाडवावर टेकून वर उचलली गेली.

"विजयाताई, काय बाई कल्पना! लक्ष्म्या गाडी भरून माहेरी आल्या!"

"ह्यांचंच डोकं," विजयाबाई प्रत्येकीला सांगत होत्या, आणि खरोखर अभिमानानं सांगत होत्या. दत्तोपंत दाराआड बसून ऐकत होते. इतकं कौतुक त्यांचं मुंजीतसुद्धा झालं नव्हतं. फक्त कौतुक ज्या गाडीचं चाललं होतं, ती त्यांची गाडी नव्हती.

रात्री पंगती उठल्यावर मुंजाजी आला. "मी देवाला न्हाई आलो, वहिनी. गाडीला आलो," त्यानं दारातच खुलासा केला. विजयाबाईंनी चहा दिला. बशीतून चहा पीत तो गाडी पहिल्या डब्यापासून बघत निघाला आणि मधल्या भरलेल्या डब्यापाशी थांबला.

"बाबू, ही काय पूर्णेला पोचत न्हाई. गावाबाहेरच्या वळणावरच आडवी व्हती."

"असू दे," दत्तोपंत म्हणाले. "सणाचं आहे."

ते इतक्या मऊ आवाजात म्हणाले, की ताटं गोळा करणाऱ्या विजयाबाई थबकल्या. हा माणूस वरणात मीठ नसलं तरी चारचौघांत सांगायचा. "असू दे" हा शब्द त्याच्या तोंडून त्यांनी ऐकला नव्हता.

तिसऱ्या दिवशी लक्ष्म्यांना दहीभाताचा नैवेद्य झाला, आरती झाली, अक्षता पडल्या. विजयाबाईंनी मुखवटे हलवले, साड्या उतरवल्या, कोठ्यांतले गहू उपसून डब्यात भरले. मग खाली बसून त्यांनी मधल्या डब्यातले लाडू, खारका, सुपाऱ्या परातीत काढल्या. तळाला चिकटलेलं करंजीचं सारण पदरानं पुसून घेतलं. उचलली गेलेली टोकं एकेक करून खाली बसवली.

"अहो, आत या."

दत्तोपंत आले.

"लक्ष्म्या गेल्या. आता रिकामं चालतं."

दत्तोपंत पाटावर बसले. मान तिरकी करून, एक डोळा मिटून, त्यांनी रांगेतून पार शेवटपर्यंत नजर टाकली. सागाचा वास अजून थोडा होता. विजयाबाई केरसुणी घेऊन उभ्या होत्या. अक्षता झाडायच्या होत्या.

"आता बराबर?"

"बराबर."

"एक विचारू? एवढं लाकूड जायचं कुठं?"

"पूर्णेला."

"आणि पूर्णेहून?"

दत्तोपंतांनी विचार केला. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना पडला नव्हता.

"ते पूर्णेच्या मालबाबूला माहीत."

"म्हणजे चाक न् चाक तुम्हाला पाठ, आणि गाडी जाते कुठं तेवढं ठाऊक नाही!"

"रेल्वेत तसंच असतं," दत्तोपंत म्हणाले.

विजयाबाईंनी केरसुणी भिंतीला लावली आणि परातीतला एक लाडू फोडून अर्धा त्यांच्या हातावर ठेवला.