हारात घातलेली मान

हसणार नसाल तर सांगतो. हसालच म्हणा, पण निदान चहा संपेपर्यंत दम धरा. आजही आठवलं की माझे कान तापतात.

कॉलेजात असताना मी आणि शिरीष सायकलवर पुणे ते गोवा निघालो होतो. तेव्हा अशा मोहिमेला संदेश लागायचाच. हँडलला पाटी होती, ‘झाडे लावा’. शिवाय एक डायरी. गावोगावी शिक्का असलेला माणूस गाठायचा आणि त्याचा अभिप्राय घ्यायचा. भोरला नारळ मिळाला, बिरवाडीला शाल मिळाली आणि माझं डोकंच फिरलं. रस्त्यात चार माणसं दिसली की मला वाटायचं, आपल्यासाठीच उभी आहेत!

वरंधा घाटानं पायांचा पार भुगा केला, म्हणून महाडला एक दिवस विश्रांती. एप्रिलच्या उकाड्यात जवळच्या सव गावचे गरम पाण्याचे झरे बघायला कोण जातं? आम्ही गेलो.

वाटेतल्या एका गावात रस्त्याकडेला पन्नासेक माणसं, पताका, सरबताचं भलंमोठं पातेलं. शिरीष मागे थांबून सायकलची पडलेली चेन बसवत होता. मी दिसलो आणि कुणीतरी ओरडलं, “आले! आले!”

मी छाती काढली. सगळ्यांच्या पुढे एक बाई मोगऱ्याचा घसघशीत हार दोन्ही हातांनी वर धरून, टाचा उंचावून बघत होती. आता तुम्हीच सांगा, माणूस काय करील? मी सायकलवरून उतरलो, हसलो आणि वाकून हारात मान घातली.

नीट ऐका. तिनं हार घातला नाही. मीच मान घातली!

सगळे एकदम गप्प. मला वाटलं, भारावले! म्हणून भाषण सुरू केलं. “बंधुभगिनींनो, झाडं म्हणजे...”

टोपी घातलेले एक चाचा पुढे आले. “बाला, तू कोन रे?”

“पुण्याहून आलोय, सायकलवर. आपण सरपंच का? शिक्का आहे?”

“शिक्का हाय. पन तू आदी बाजूला हो. मागं गाडी हाय.”

वळलो. ज्या पांढऱ्या ट्रॅक्सला बघून लोक ओरडले होते, ती माझ्या मागे येऊन थांबली होती.

“झुबेदाची आई हजवरनं येतेय,” चाचा हळूच म्हणाले. “पोरगी पहाटेपासनं हार ओवतेय. पयला हार तिचाच पडायचा होता.”

झुबेदा रिकाम्या हातांनी उभी होती. डोळे भरलेले. आणि तिचा हार माझ्या घामेजल्या मानेवर! मेल्याहून मेल्यासारखं झालं हो. हार काढला, पण देणार कुणाला? उष्टा झालेला.

आई गाडीतून उतरली. “काय झालं गो?”

झुबेदानं रडत रडत सगळं सांगितलं. म्हातारीनं मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि लेकीकडे वळली.

“तूच ओवलास ना? मंग घाल की! दोरा काय तुटला नाय.”

झुबेदानं माझ्या हातातून हार घेतला आणि आईच्या गळ्यात घातला. दोघी मिठी मारून रडल्या. बायका रडल्या. मीही रडलो. तेवढ्यात शिरीष पोहोचला आणि कानात कुजबुजला, “कोण गेलं रे?”

एवढं होऊनही आम्हाला बसवून खजूर दिले, मक्केहून आणलेलं झमझमचं पवित्र पाणी दिलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी काढता पाय घेणार, तर चाचा म्हणाले, “ती डायरी आन हिकडं.” नको नको म्हणत दिली. काय लिहायचं, ते म्हातारीनंच सांगितलं. चाचांनी लिहिलं आणि शिक्काही मारला.

‘पोरगा भला हाय. फक्त मान विचारून घालावी.’

पुढे माझं लग्न झालं. बायकोनं हार उचलला आणि मागून शिरीष ओरडला, “आधी विचार!”

खरं सांगू? मी विचारलं.