आई ऐकते, बाबा वाचतात

माझ्या आईला पुस्तक वाचून गप्प बसता येत नाही. वाचलेलं कुणाला तरी सांगितल्याशिवाय तिच्या लेखी ते पुस्तक संपतच नाही. सोलापुरातल्या एका कॉलेजच्या ऑफिसात तिनं सगळी नोकरी काढली. संध्याकाळी घरी येताना ती वाचनालयात थांबायची आणि रात्री भाकऱ्या थापता थापता बाबांना पुस्तक सांगायची. कुणाचं कुठं चुकलं, लेखकाला शेवटी कशी घाई झाली, कुठलं प्रकरण काढून टाकलं तरी चाललं असतं. बाबा जेवता जेवता "हं" म्हणायचे. मी हे ऐकतच मोठी झाले.

आईचं नाव अनसूया, बाबांचं यज्ञेश्वर. बाबा वीज कंपनीच्या बिलांच्या विभागातून निवृत्त झाले. आमच्या घराण्याकडे जुन्या गावातल्या एका दत्तमंदिराची सेवा आहे, त्यामुळं जुळे सोलापुरात फ्लॅट घेतला तरी बाबा रोज सकाळी स्कूटरवरून मंदिरात जातात, पूजा करतात, पोथी वाचतात. पण कादंबरी त्यांनी कधी हातात धरली नव्हती. "खोट्या माणसांची दुःखं कशाला वाचायची? खऱ्यांची काय कमी आहेत का?" असं ते म्हणायचे. आई त्यावर कधी वाद घालत नसे. ऐकून घेतात एवढं तिला पुरत होतं.

दोन वर्षांपूर्वी आईच्या किडन्या निकामी झाल्या. मधुमेह जुना होता, पण इतक्या लवकर ही वेळ येईल असं आम्हाला कुणालाच वाटलं नव्हतं. आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. एका वेळी चार तास. आई पहिल्याच दिवशी पिशवीत पांघरायला चादर आणि एक जाडजूड कादंबरी घेऊन गेली. मला फोनवर म्हणाली, "बघ ज्ञानदा, वाचायला एवढा निवांत वेळ मला उभ्या जन्मात मिळाला नव्हता."

मी पुण्याला बँकेत असते. तिचं ते बोलणं ऐकून मला हायसं वाटलं. पण तसं झालं नाही. डाव्या हातात दोन सुया असायच्या, तो हात हलवायचा नाही. उजव्या हातानं एवढं पुस्तक धरायचं आणि पानही त्याच हातानं उलटायचं. त्यात मशीन सुरू होऊन तास झाला की तिच्या डोळ्यांपुढं अक्षरं हलायला लागायची. घरी आल्यावर तर अंगात त्राणच राहायचं नाही. महिन्याभरात तिनं पुस्तक न्यायचं सोडलं. आणि वाचन थांबलं तसं तिचं सांगणंही थांबलं.

एका रविवारी बाबांचा फोन आला. तब्येतीचं सगळं सांगून झाल्यावर ते म्हणाले, "तुझी आई आता जेवताना काही बोलत नाही गं."

मला दुसरं काही सुचलं नाही. ऑफिसातल्या मैत्रिणींना विचारून मी प्रेरणादायी पुस्तकांचं एक खोकं सोलापूरला पाठवलं. यशस्वी माणसांच्या सवयी, संकटावर मात, मनाची ताकद अशी सगळी. आईनं खोकं उघडलं, मुखपृष्ठं पाहिली आणि परत बंद करून कपाटावर ठेवलं. फोनवर मात्र म्हणाली, "छान आहेत, वाचेन सावकाश." तिनं कुठल्याही पुस्तकाला नुसतं छान म्हटलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात बाबांनी तिला न सांगता ती अर्धवट राहिलेली कादंबरी आपल्या पिशवीत टाकली. डायलिसिसच्या खोलीत नातेवाइकांना बसू देत नाहीत. पण तिथली तंत्रज्ञ संस्कृती म्हणून एक मुलगी आहे, तिला बाबांनी विचारलं. ती म्हणाली, "मास्क लावा, चपला बाहेर काढा आणि हळू आवाजात वाचा. कुणी तक्रार केली तर उठावं लागेल."

बाबा स्टुलावर बसले, आईनं खूण घातलेलं पान उघडलं आणि वाचायला लागले. पोथीच्या चालीत. प्रत्येक वाक्याच्या शेवटी सूर लांबवत, मध्ये कुठं न थांबता. नवराबायकोचं कडाक्याचं भांडण चाललेलं, आणि बाबा ते आरतीच्या आधीचा अध्याय वाचावा तसं वाचत होते. आई आधी डोळे मिटून पडली होती. मग तिचे खांदे हलायला लागले. बाबांना वाटलं, त्रास होतोय. बघतात तर ती हसत होती.

"अहो," ती म्हणाली, "माणसं भांडतायत तिथं. जरा भांडल्यासारखं वाचा की."

"मला भांडता कुठं येतं?" बाबा म्हणाले.

शेजारच्या खाटेवरून आवाज आला, "ते काई असू दे गुरुजी, पुडं वाचा. त्या बाईनं दार उघडलं का न्हाय?"

ते कल्लप्पा. अक्कलकोटच्या पुढं, मैंदर्गीच्या बाजारात त्यांचं जनावरांच्या पेंडीचं दुकान आहे. घरात सगळे कानडी बोलतात, पण गिऱ्हाइकामुळं मराठी तोंडात बसलेली. डायलिसिससाठी एवढ्या लांबून बसनं यायचे. आईला ते अक्का म्हणायला लागले आणि आई त्यांना अण्णा. त्या दिवसापासून तिघांचं एकच पुस्तक सुरू झालं, पुन्हा पहिल्या पानापासून.

ती कादंबरी तीन बहिणींची होती. वडिलांचा फोटो स्टुडिओ बंद पडलाय, आणि मधली बहीण बाकी दोघींना न सांगता तो विकायला काढते. आईचं मत असं की मधलीच खरी नायिका आहे, कारण निर्णय घ्यायची हिंमत तिच्यात एकटीतच आहे. कल्लप्पांना हे अजिबात पटलं नाही.

"थोरलीला विचाराय पायजे होतं की अक्का. न विचारता इकायचं म्हंजे चोरीच की."

"विचारलं असतं तर थोरलीनं विकू दिलं असतं?"

"न्हाय दिलं असतं. पण विचाराय पायजे."

आणि मग बाबा म्हणाले, "मधली खोटं बोलते. मागच्या प्रकरणात तिनं सांगितलं की वडिलांनीच तिला विकायला सांगितलं. वडील तर तेव्हा शुद्धीवर नव्हते."

आईनं एकदम मान वळवली आणि नादात डावा हात उचलला. मशीन ओरडायला लागलं. संस्कृती धावत आली, हात सरळ केला आणि तिघांनाही रागावली. आई मला रात्री फोनवर हे सांगत होती तेव्हा तिचा आवाज पूर्वीसारखा भरभर चालला होता. "मी तीच कादंबरी आधी निम्मी वाचली होती," ती म्हणाली, "आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. ह्यांच्या आलं. हे इतकं नीट लक्ष देतात हे मला माहीतच नव्हतं गं."

मी फोन ठेवला. मला कुणाचे तरी आभार मानावेसे वाटत होते, पण कुणाचे ते कळत नव्हतं.

ती आणि पाठोपाठ आणखी दोन कादंबऱ्या संपल्या तेव्हा बाबांनी माझ्या खोक्यातलं एक पुस्तक नेलं. एका मोठ्या उद्योजकाचं. पहाटे चारला उठा, थंड पाण्यानं आंघोळ करा, आरशात बघून स्वतःला सांगा की आजचा दिवस माझा आहे. आईनं दोन प्रकरणं कशीबशी ऐकली.

"हा माणूस कधी आजारी पडला नाही," ती म्हणाली. "ह्याला थकवा म्हणजे आळस वाटतो. बंद करा हो हे."

कल्लप्पा मात्र म्हणाले, "ऱ्हाऊ दे की अक्का. मला लई बरं वाटतंय."

"काय बरं वाटतंय त्यात? सगळं एकच तर सांगतोय."

"ह्यात शेवटाला कुणी मरत न्हाय," कल्लप्पा म्हणाले. "तुमच्या कादंबऱ्यांत कुणी ना कुणी जातंयच. मी परत जाताना बसमंदी तेच डोक्यात घिऊन बसतो. हे आइकलं की डोकं हलकं ऱ्हातंय."

बाबांनी ते पुस्तक शेवटपर्यंत वाचलं आणि आईनं ते ऐकून घेतलं. तिचं मत काही बदललं नाही. पुस्तक पोकळ आहे असं ती आजही म्हणते. पण मला तिनं सांगितलं, "पुस्तक वाईट आहे हे ठरवताना मी फक्त पुस्तक बघत होते. कोण ऐकतंय, कशाला ऐकतंय, हे मी कधी बघितलंच नव्हतं." त्यानंतर पुस्तकं आळीपाळीनं निवडायचं ठरलं. एक आईच्या आवडीचं, एक कल्लप्पांच्या.

कल्लप्पांच्या वाट्याचं म्हणून माझ्या खोक्यातूनच एका शिक्षिकेचं आत्मकथन निघालं. अपघातात उजवा हात गेलेली बाई. मुखपृष्ठावर हसरा फोटो, म्हणून आईनं नाक मुरडलं होतं. पण त्यात एक प्रकरण होतं. बाई सकाळी शाळेत जायला निघते आणि तिला एका हातानं केसांची वेणी घालता येत नाही. सासूला हाक मारावी तर लाज वाटते, आणि वेळ तर चाललाय. शेवटी ती केस मोकळे ठेवून बसस्टॉपवर जाते आणि तिथं रडते. पुढं ती मोठी मुख्याध्यापिका झाली, पुरस्कार मिळाले, हे सगळं पुस्तकात आहेच.

हे प्रकरण वाचताना बाबांनी मध्येच पुस्तक मांडीवर ठेवलं आणि ते पाणी प्यायले. गेले कित्येक महिने दर डायलिसिसनंतर घरी आल्यावर आईची वेणी तेच घालत होते, कारण सुया टोचलेल्या हातानं आईला जोर लावायला मनाई होती. ह्याबद्दल दोघं कधी बोलले नव्हते.

"तुम्हाला बरी जमते हं आता," आई म्हणाली.

"सैल होते," बाबा म्हणाले.

"होऊ दे. दुखत तरी नाही."

ह्या पुस्तकावर तिघांचं एकमत झालं, असं एकदाच घडलं. आई म्हणाली की ही बाई जिंकली म्हणून मला धीर आला नाही, ती बसस्टॉपवर रडली आणि ते तिनं लपवलं नाही म्हणून आला. कल्लप्पांनी ते पुस्तक घरी मागून नेलं. मराठी वाचायला त्यांना वेळ लागतो, तरी त्यांनी ते नातीकडून वाचून घेऊन पुन्हा ऐकलं.

मागच्या उन्हाळ्यात कल्लप्पांना अक्कलकोटमध्ये डायलिसिसची जागा मिळाली. त्यांच्यासाठी ते फार सोयीचं होतं. बसचा त्रास वाचला, दुकानावरही बसता यायला लागलं. शेवटच्या दिवशी त्यांनी आईसाठी शेंगांची पोळी आणली. आईनं विचारलं, "आता पुस्तकाचं काय, अण्णा?" चालू कादंबरी ऐन मध्यावर होती. एक मुलगा घर सोडून गेलेला आणि त्याचं पुढं काय झालं हे कळायचं होतं.

कल्लप्पा बाबांना म्हणाले, "फोनमंदी बोलून पाटवता येतंय म्हणं, गुरुजी."

बाबांना ते येत नव्हतं. संस्कृतीनं तिथंच उभं राहून त्यांना शिकवलं. तेव्हापासून बाबा आईला वाचून दाखवतात तेव्हा फोन रेकॉर्डिंग लावून आईच्या उशाशी ठेवलेला असतो आणि दुसऱ्या दिवशी अक्कलकोटच्या खाटेवर कल्लप्पा तेच ऐकतात. संध्याकाळी त्यांचं मत येतं. मागून बाजाराचा गलका, मध्येच गिऱ्हाइकाशी कानडी, आणि मग, "अक्का, त्या पोराचं मला काई खरं दिसंना. आईला एक फोन करत न्हाय म्हंजे काय?" आई ते बाबांना ऐकवते आणि उलट उत्तर पाठवते.

यंदाच्या जानेवारीत आमच्या भागातल्या वाचनालयानं आईला बोलायला बोलावलं. जुनी सभासद म्हणून, नुकत्याच वाचलेल्या पुस्तकांबद्दल. मी पुण्याहून आले. ती खुर्चीत बसूनच बोलली, कागद न घेता. फोटो स्टुडिओची कादंबरी, त्या शिक्षिकेचं आत्मकथन आणि घर सोडून गेलेल्या मुलाची गोष्ट. दर पुस्तकाला ती आधी आपलं मत सांगायची, मग "आमच्या ह्यांचं म्हणणं वेगळं आहे" म्हणून बाबांचं, मग "मैंदर्गीच्या कल्लप्पाण्णांना हे पटलेलं नाही" म्हणून त्यांचं. लोक हसत होते. कल्लप्पा तिसऱ्या रांगेत नातीबरोबर बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि आपलं नाव आलं की नातीकडं बघत होते.

शेवटी आई म्हणाली, "मी आयुष्यभर एकटीनं वाचलं, आणि ते वाईट नव्हतं. पण हे पुष्कळ चांगलं आहे. आजारपणानं माझं बरंच काही नेलं. आज मी इथं आले ती त्याबद्दल बोलायला नाही. मला वाचून दाखवणारा माणूस घरातच होता, आणि माझं म्हणणं न पटणारा माणूस शेजारच्या खाटेवर. दोघांची मी फार ऋणी आहे."

बाबा मागच्या भिंतीला टेकून उभे होते. टाळ्या वाजल्या तेव्हा ते खाली बघून चष्मा पुसत होते.

नंतर सगळ्यांना चहा दिला. आई आणि कल्लप्पा दोघांनाही दिवसाला मोजकंच पाणी. त्यांनी एकच कप घेतला आणि निम्मा निम्मा बशीत ओतून प्यायले. मी बाबांशेजारी उभी होते. एक बाई बाबांना विचारायला आल्या, की अलीकडच्या कादंबऱ्यांतली तुम्हाला सगळ्यात कुठली आवडली. बाबांनी जरा विचार केला आणि त्यांना नीट, सावकाश, कारणांसहित सांगायला लागले. चहा संपला, खुर्च्या उचलायला माणसं आली, तरी त्यांचं सांगणं चालूच होतं. आई लांबून ते ऐकत होती. एका ठिकाणी तिला काही पटलं नाही, आणि ती आमच्याकडं यायला निघाली.